भरतीला रोहित (फ्लेमिंगो) जातात कुठे? नवी मुंबईच्या तलावांची पार्श्वभूमी

ठाणे खाडीत रोहित मोठ्या थव्यांनी दिसू लागले ते १९९० च्या दशकात. कच्छच्या रणात पाऊस झाला की वीण, रण सुकले की खाडी, असा त्यांचा ढोबळ क्रम. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेले शैवाल हे इथे येण्याचे एक कारण मानतात. आपली घाण, त्यांचे ताट.

रोहिताच्या दोन जाती, लहान आणि मोठा. लहान रोहित चोच पाण्यात उलटी धरतो, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करतो आणि सूक्ष्म शैवाल गाळून घेतो. मोठ्या रोहिताची गाळणी जाड असल्याने तो चिखलातले किडे, कवचधारी जीवही टिपतो. दोघांनाही ओहोटीचा उघडा गाळ हवा. भरती दिवसातून दोनदा, रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, म्हणून थवे मध्यरात्रीही उठतात. गाळ बुडाला की पोटरीभर पाण्याची जागा शोधायची आणि एका पायावर थांबायचे. नेरुळ-सीवूड्सचे तलाव याच कामाचे. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, तिथे गर्दी होते. भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला वरचे गाळपट्टे उघडे राहतात, तलावावर पक्षी कमी दिसतात. ‘आता इथे पक्षी येतच नाहीत’ म्हणायचे असेल त्यांना हा दिवस फार सोयीचा.

२०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटर भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आला. रेषा आखली ती जेवणाच्या ताटाभोवती. विसाव्याचे तलाव बाहेर राहिले.

या तलावांना संरक्षण द्यायचे तर त्यांना ‘पाणथळ’ म्हणायचे का, यावरच वाद अडतो. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत मिठागरे, मत्स्यशेतीसाठी केलेली तळी आणि सागरी किनारा नियमन क्षेत्रातल्या जागा वगळल्या आहेत. साहजिकच ‘हे मूळचे पाणथळ नाही, मागाहून साचलेले पाणी आहे’ असा युक्तिवाद होतो. रोहिताला पाण्याचा दाखला लागत नाही, खोली लागते.

ती खोली मोरीवर, म्हणजे भरतीचे पाणी तलावात आणणाऱ्या-नेणाऱ्या वाटेवर, ठरते. २०२४ च्या उन्हाळ्यात सीवूड्समध्ये रोहित मरून पडले, तेव्हा कुठे भरतीचे पाणी आणणाऱ्या तोंडाकडे लक्ष गेले. मोरी बुजली की पाण्याची ये-जा थांबते, वर शेवाळाचा जाड थर धरतो. उन्हाने तळ उघडा पडला तर कुत्री थेट थव्यापर्यंत पोचतात. उलट पाणी वाढून बाहेर पडले नाही तर पाय टेकत नाहीत. मग भरतीला उठलेला थवा वर घिरट्या घालतो आणि दिवे, तारा, इमारती यांच्यामधून दुसरी जागा शोधत राहतो.