रिसेप्टर एकच, पत्ते दोन

‘ताण आला की कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) वर, सेरोटोनिन (चेतापेशींमधला रासायनिक निरोप्या) खाली’ हे वाक्य आरोग्याच्या रील्समधून इतकं फिरलंय की आता ते खरंच वाटायला लागलंय. पण चिंतेवरचं बस्पिरोन हे औषध घ्या. ते सेरोटोनिनच्या ‘५-एचटी१ए’ या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप पकडणाऱ्या रेणूला, चालना देतं, आणि त्याच्या एका मोठ्या डोसनंतर माणसाच्या रक्तातलं कॉर्टिसॉल काही वेळ चक्क वाढतं. कारण मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाकडे जाणारे सेरोटोनिनचे संदेश ताणाची साखळी सुरूही करतात: हायपोथॅलॅमस, मग पिट्यूटरी, मग मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी. म्हणजे ही दोन रसायनं एकमेकांची वैरी नाहीत.

मूळ घोळ वेगळाच आहे. ५-एचटी१ए असं एकच नाव असलं तरी हा रिसेप्टर मेंदूत दोन अगदी वेगळ्या जागी बसतो.

पहिली जागा मेंदूच्या देठात, रॅफे नावाच्या पेशीसमूहात. सेरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशी इथल्याच. माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जेमतेम काही लाख. इथला रिसेप्टर त्या पेशींवरच असतो आणि पाण्याच्या टाकीतल्या फ्लोटसारखा चालतो: आजूबाजूला सेरोटोनिन साचलं की पेशीला थंड करतो, पुढचा पुरवठा कमी. शास्त्रज्ञ याला ऑटोरिसेप्टर म्हणतात. दुसरी जागा हिप्पोकॅम्पससारख्या (आठवणींशी जोडलेल्या) भागांत, सेरोटोनिन ज्यांच्याकडे पोचतं त्या पेशींवर. तोही पेशीला शांतच करतो, पण पेशी दुसऱ्याची. त्यामुळे ‘५-एचटी१ए जास्त सक्रिय’ एवढंच सांगितलं तर काहीच कळत नाही. रॅफेत सक्रिय झाला तर सेरोटोनिन कमी सुटणार. हिप्पोकॅम्पसमध्ये झाला तर सुटलेल्या सेरोटोनिनचा परिणाम वाढणार.

ताणाचं हार्मोनही या दोघांना सारखं वागवत नाही. उंदरांच्या अॅड्रिनल ग्रंथी काढल्या की हिप्पोकॅम्पसमधले ५-एचटी१ए वाढतात, आणि हार्मोन परत दिलं की खाली येतात. (उंदरांत हे काम कॉर्टिसॉल नव्हे, कॉर्टिकोस्टेरॉन करतं. प्राण्यांवरचे निष्कर्ष माणसांना लावताना हा फरक बहुतेक लेखांत गायब असतो.) इथे हार्मोन थेट या रिसेप्टरच्या जनुकावरच दाब देतं. रॅफेत मात्र रिसेप्टरांच्या संख्येत फारसा फरक दिसत नाही. हार्मोन बराच काळ चढं राहिलं तर तिथले रिसेप्टर तेवढेच राहतात, पण त्यांची हाक पेशीच्या आत नीट पोचत नाही, ब्रेक सैल होतो. संख्या मोजणारा आणि काम मोजणारा, दोन्ही संशोधक बरोबर असूनही त्यांचे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात ते यामुळे.

हिप्पोकॅम्पसच का, याचं एक कारण १९८५ साली डच संशोधक रॉन द क्लूट आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं. तिथे ताणाच्या हार्मोनसाठी दोन प्रकारचे रिसेप्टर आहेत. मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर हार्मोनला सुमारे दहापट घट्ट पकडतो, म्हणून तो शांत वेळीही भरलेला असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर ताण चढल्यावर, किंवा रोजच्या सकाळच्या उंच पातळीला, भरतो.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन-चार आठवडे का लागतात, याचं सर्वात प्रचलित स्पष्टीकरणही रॅफेतल्या ब्रेकवरच टेकलेलं आहे. गोळी पहिल्या दिवशीच सेरोटोनिन साचवते, पण फ्लोटसुद्धा तितक्याच तत्परतेने पुरवठा आखडतो. तो बोथट व्हायला दिवस जातात. मला हे पटतं, पण पूर्ण उत्तर म्हणून नाही. कारण नैराश्य असलेल्यांच्या पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूतले रिसेप्टर मोजता येणाऱ्या चाचणीत, संशोधकांच्या काही गटांना हा रिसेप्टर कमी दिसला, काहींना जास्त, आणि तुलना मेंदूच्या कुठल्या भागाशी केली यावर निकालच बदलतो. तेव्हा ‘सेरोटोनिन रिसेप्टर वाढवा, ताण घटवा’ असं सांगणारी पूरक गोळ्यांची जाहिरात दिसली तर आधी एवढंच विचारावं: कुठला रिसेप्टर, आणि मेंदूत कुठे?