घरपट्टी कौंटीकडे भरतो, पण ती सगळी कौंटीची नसते

कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या आपल्या मंडळींमध्ये एक समज पक्का आहे की, घरांच्या किमती चढल्या म्हणजे कौंटीची (जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाची) तिजोरी भरते आणि तरीही सरकारी दवाखान्यात माणसे अपुरी असतील, तर तो निव्वळ ढिसाळ कारभार. हा समज चुकीचा आहे आणि त्यामुळे राबणाऱ्या कर्मचाऱ्यांवर विनाकारण ठपका येतो.

बिल कौंटीचे येते, १० डिसेंबर आणि १० एप्रिलपर्यंत दोन हप्त्यांत तिच्याकडेच भरायचे असते; मात्र जमा झालेली रक्कम ती शाळा, शहरे आणि इतर स्थानिक संस्थांना वाटते व स्वतःकडे केवळ एक हिस्सा ठेवते. शिवाय १९७८ साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ या घरपट्टीवरील तरतुदीनुसार मूळ दर १ टक्क्यावर बांधलेला असून, घर विकले जाईपर्यंत किंवा नवे बांधकाम होईपर्यंत करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. पगार आणि निवृत्तिवेतनाच्या खर्चाला अशी मर्यादा नाही. मेडी-कॅलसारख्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची आरोग्य योजना) योजनांसाठी राज्य व केंद्राकडून येणारा पैसा त्या त्या कामालाच बांधलेला असतो, तो तुरुंगातील पहारेकऱ्यांच्या पगाराकडे वळवता येत नाही. कौंटीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या सुपरवायझर मंडळाला मोकळेपणाने वापरता येणारा निधी म्हणूनच मर्यादित असतो, आणि तुटीच्या वर्षी कात्री बहुधा आधी रिक्त पदांना लागते. १ जुलैला नवे आर्थिक वर्ष सुरू होते. अंदाजपत्रकावरील सुनावणी सर्वांना खुली असते आणि हे प्रश्न तिथे विचारता येतात.