आधी संशय, मग नकाशा; की उलट?

लंडनच्या सोहो भागात १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले, तर ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेले दिसले. गोष्ट सर्वांच्या ओळखीची आहे. तिचा एक तपशील मात्र सहसा सांगायचा राहून जातो. कॉलरा पाण्यातून पसरतो, असे स्नो १८४९ पासूनच म्हणत होते. म्हणजे संशय आधी आणि नकाशा नंतर. कुणाचाच संशय नसलेली जागा नकाशाने आपणहून दाखवावी, ही अपेक्षा संगणक आल्यावरची. नकाशातल्या माहितीतून असे नमुने शोधण्याच्या विषयाची ही गोष्ट.

सुरुवातीला संगणक फक्त नकाशे सांभाळायचा आणि छापायचा. रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६०च्या दशकात कॅनडाच्या जमिनीच्या नोंदींसाठी भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे नकाशा आणि त्यावरच्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणकीय व्यवस्था, उभारली. त्याच दशकातला हॉवर्ड फिशर यांचा सायमॅप हा नकाशे काढणारा संगणक प्रोग्राम प्रिंटरवर नुसती अक्षरे छापायचा. छटा गडद हवी असेल तर अक्षरावर अक्षर, त्यावर पुन्हा अक्षर. १९७० मध्ये वॉल्डो टोबलर यांनी लिहिले की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्या गोष्टींचा अधिक. वाक्य साधे वाटते, पण नेहमीचे संख्याशास्त्र प्रत्येक नोंद स्वतंत्र धरते आणि शेजारची गावे तशी नसतात.

दुसरी अडचण सीमारेषांची. स्टॅन ओपनशॉ आणि पीटर टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंटी (जिल्ह्यासारखे विभाग) घेतल्या आणि वृद्धांचे प्रमाण व रिपब्लिकन पक्षाची मते यांचा सहसंबंध तपासला. मग त्याच काउंटी वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून मोठे विभाग केले. माहिती तीच, माणसे तीच. पण जोडणी बदलली की उत्तर जवळजवळ उणे १ (एक वाढले की दुसरे घटते) पासून जवळजवळ अधिक १ (दोन्ही सोबत वाढतात) पर्यंत कुठेही जायचे. जिल्हावार रंगवलेला कुठलाही नकाशा पाहताना मला हा प्रयोग आठवतो.

ओपनशॉ पुढे सीमारेषाच सोडून देण्याकडे वळले. १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक ‘यंत्र’, म्हणजे संगणकाने चालणारी शोधपद्धत, प्रसिद्ध केले. उत्तर इंग्लंडमधल्या मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाच्या नोंदी मेनफ्रेम संगणकात भरल्या आणि सगळ्या प्रदेशावर एकमेकांवर चढणारी वर्तुळे टाकली. एका वर्तुळात किती मुले आजारी, तिथल्या लोकसंख्येवरून किती अपेक्षित, फरक मोठा असेल तरच वर्तुळ नकाशावर काढायचे. मग केंद्र जरासे सरकवायचे, त्रिज्या वाढवायची, पुन्हा मोजायचे. अशी लाखो वर्तुळे. शेवटी काळी दाटी दोन ठिकाणी उमटली. एक सीस्केल, सेलाफील्ड अणुप्रकल्पाजवळचे गाव, ज्याच्याकडे लोकांचे आधीच लक्ष होते. दुसरे गेट्सहेड. तिथे असे काही असेल, हे कुणी धरलेच नव्हते. या विषयातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा क्षण तो हाच.

आक्षेपही लगेच आले, आणि ते रास्त होते. हजारात एक वर्तुळ निव्वळ योगायोगाने नकाशावर येते म्हटले, तरी लाखो वर्तुळांत अशी शेकडो निघणार. यावर मार्टिन कुलडॉर्फ यांनी १९९७ मध्ये मांडलेली रीत मला फार पटते. सगळ्या वर्तुळांतले सर्वांत ठळक तेवढे घ्यायचे. मग त्याच लोकसंख्येत रुग्ण यदृच्छेने विखरून शेकडो खोटे नकाशे बनवायचे आणि प्रत्येकातले सर्वांत ठळक वर्तुळ शोधायचे. खरे वर्तुळ या खोट्यांपेक्षाही ठळक ठरले, तरच त्याला रुग्णांचा खरा पुंजका म्हणायचे.

तोवर माहितीचा पूर आला होता. पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या लँडसॅट उपग्रहांच्या १९७२ पासूनच्या प्रतिमा २००८ मध्ये सर्वांसाठी मोफत झाल्या, आणि २०१३ मध्ये मॅथ्यू हॅन्सन व सहकाऱ्यांनी साडेसहा लाखांहून अधिक प्रतिमा चाळून जगाच्या जंगलांचा नकाशा काढला. बारा वर्षांत २३ लाख चौरस किलोमीटर वृक्षाच्छादन गेले आणि ८ लाख नवे आले, असे त्यातून दिसले. जमिनीचा प्रत्येक तुकडा ३० मीटरचा, त्यामुळे काउंटीच्या सीमांचा प्रश्न इथे नाही. तो व्याख्येत शिरला आहे. पाच मीटरपेक्षा उंच वनस्पती म्हणजे झाड, असे तिथे धरले आहे; त्यामुळे जुने जंगल तोडून पामची लागवड केली आणि ती वाढली, तर तीही वृक्षाच्छादनातच मोजली जाते.