मांजरातील ताण व त्याचे औषधाविना शमन

मांजरातील ताण व त्याचे औषधाविना शमन : भेदरलेल्या किंवा दीर्घकाळ अस्वस्थ असलेल्या पाळीव मांजराला शामक औषध न देता, त्याचा परिसर, हाताळणी, सभोवतालचे गंध आणि दिनक्रम यांत बदल करून पूर्ववत होऊ देण्याची पद्धती. ‘मांजर शांत करणे’ असे बोलले जाते. पण लपायला, उंच बसायला आणि नको तेथून निघून जायला वाव मिळाला, की मांजर आपले आपण शांत होते. तो वाव तयार करणे आणि नंतर मध्ये न पडणे एवढेच माणसाचे काम असते. जवळजवळ सर्व सिद्ध उपाय या एका सूत्रावर उभे आहेत.

पार्श्वभूमी : पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर (फेलिस लिबिका) मानला जातो. ते माणसाळले कोठे याविषयी एकवाक्यता नाही. सायप्रसमधील शिलूरोकांबोस येथे माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले असून (वृत्तांत २००४) ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे असावे. २००७ मधील जनुकीय अभ्यासाने पश्चिम आशियातील शेतीच्या आरंभाशी संबंध जोडला. अलीकडील प्राचीन डीएनएच्या अभ्यासांमुळे मात्र उत्तर आफ्रिकेचे पारडे जड झाले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन्ही मतांतील समान भाग महत्त्वाचा आहे : हा प्राणी एकट्याने उंदीर-घुशी मारणारा आणि त्याच वेळी कोल्ह्याकुत्र्यांचे भक्ष्य होऊ शकणारा होता. त्यामुळे दुखणे आणि भीती दडवणे, संकट आले की आधी पळणे, मग लपणे आणि दोन्ही वाटा बंद झाल्या तरच पंजा उगारणे, हा क्रम त्याच्या अंगात मुरलेला आहे. कोपऱ्यात सापडलेले मांजर बोचकारते ते रागाने नव्हे, तर वाट उरली नाही म्हणून.

लक्षणे : केसलर आणि टर्नर यांनी १९९७ मध्ये निवाऱ्यांतील मांजरांसाठी सात पायऱ्यांची ताणमोजणी मांडली, पूर्ण सैल मांजराला १ आणि भीतीने गोठलेल्याला ७ गुण. घरात ती आकड्यांत मांडण्याची गरज नसते, पण तिच्यातील खुणा नेमक्या आहेत. पोट जमिनीला टेकलेले, चारही पाय अंगाखाली ओढून घेतलेले, शेपटी घट्ट लपेटलेली, भर उजेडातही बाहुल्या गोल मोठ्या, कान बाजूला वळून चपटे झालेले आणि पाठीवरच्या कातडीला मधूनच थरथर. असे मांजर ‘निवांत बसले आहे’ असे समजण्याची चूक वारंवार होते. निवांत मांजराचे वजन एका कुशीवर असते. भेदरलेल्याचे चारही पंज्यांवर, म्हणजे ते उठून पळायच्या तयारीत असते. घुरघुर हीसुद्धा खात्रीची खूण नव्हे, कारण वेदनेत आणि विताना मांजरे घुरघुरतात. दीर्घ ताणात अंग चाटणे अगदी बंद होते किंवा पोट व मांड्यांवरचे केस जाईपर्यंत वाढते, मातीच्या पाटीबाहेर लघवी होते, खाणे कमी होते.

आधी आजार वगळणे आवश्यक आहे. बोका पुन्हापुन्हा पाटीत बसून कुंथत असेल आणि लघवी थेंबथेंब किंवा मुळीच होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्याला काही तासांत पशुवैद्याकडे नेले नाही तर जीव जातो. तोंड उघडे टाकून धापा टाकणे हे कुत्र्यात साधे, मांजरात धोक्याचे. झोपेत श्वास मिनिटाला ३० पेक्षा कमी असावा. सलग दोन दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते. तेव्हा ‘भूक लागली की खाईल’ म्हणून वाट पाहू नये. ताण आणि आजार यांची सरमिसळही होते. ओहायो स्टेट विद्यापीठातील टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी जंतुसंसर्गाविना होणारा मूत्राशयदाह ताणाशी जोडला आणि २००६ मध्ये केवळ घरातील मांडणी व दिनक्रम बदलून अशा मांजरांची लक्षणे घटल्याचे नोंदवले.

लपण्याची जागा : सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय पुठ्ठ्याचे खोके हा आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील अभ्यासात (२०१४) निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी १० जणांना खोके दिले, ९ जणांना नाही. खोके मिळालेली तिसऱ्या-चौथ्या दिवशीच स्पष्टपणे कमी ताणात होती, उरलेल्यांना सावरायला अधिक दिवस लागले. खोके मांजराला वळता येईल इतके, साधारण ४५ × ३५ × ३५ सेंमी., असावे. त्याला दोन भोके असावीत : एकाच तोंडाच्या खोक्यात दुसरे मांजर किंवा लहान मूल दाराशी बसले, की आसऱ्याचा सापळा होतो. आत रोजचे पांघरूण किंवा घरच्या माणसाचा वापरलेला सुती सदरा टाकावा, धुतलेला नको. त्याला असलेला ओळखीचा वास हाच त्याचा उपयोग. खोके भिंतीला टेकवून, शक्य तर छातीच्या उंचीवर ठेवावे. बहुतेक मांजरे जमिनीपेक्षा उंचीवर लवकर सैलावतात. म्हणूनच आपल्याकडे ती माळ्यावर आणि कपाटावर सापडतात. तेथून त्यांना ओढून काढणे हा सर्व मेहनतीवर पाणी फिरवण्याचा हमखास मार्ग आहे.

नव्याने आणलेल्या किंवा जबर धास्ती घेतलेल्या मांजराला सबंध घर एकदम देऊ नये. एक छोटी खोली पुरते. खोके एका कोपऱ्यात, मातीची पाटी समोरच्या कोपऱ्यात, अन्न तिसऱ्या ठिकाणी आणि पाणी अन्नापासून थोडे दूर. पाटी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट, माती ३ ते ४ सेंमी. खोल आणि बिनवासाची. जितकी मांजरे त्याहून एक पाटी जास्त, आणि सर्व पाट्या एका ओळीत नकोत, कारण मांजराच्या लेखी ती एकच जागा ठरते. नखे घासायला लाकडी ठोकळ्यावर सुंभ घट्ट गुंडाळून उभा करावा, उंची अंग पूर्ण ताणता येईल इतकी (८० ते ९० सेंमी.) आणि बुड जड. एकदा हललेल्या खांबाकडे मांजर पुन्हा सहसा फिरकत नाही. चुकीच्या जागी लघवी झाल्यास ती फिनेलने पुसू नये. फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि पंज्यांना लागलेले ते चाटून पोटात घेते. कोमट पाणी व विकरयुक्त (एंझाइम असलेली) धुलाई-पूड वापरून जागा पूर्ण सुकू द्यावी.

हाताळणी : मानगुटीला धरून मांजर गप्प करण्याची पद्धत जुनी आणि सर्वत्र आढळणारी आहे, तिच्याबद्दलचा वाद मात्र अजून पूर्ण शमलेला नाही. समर्थकांचा आधार असा, की मांजरी पिलांना मानगुटीला धरून नेते आणि पिले त्या वेळी अंग सैल सोडतात. ओहायो स्टेटच्याच गटाने २००८ मध्ये मानेवर चिमटे लावून ही स्तब्धता मोठ्या मांजरांतही उत्पन्न होते असे दाखवले आणि ती भीतीची नसावी असे सुचवले. उलट पक्षाचे म्हणणे असे, की पिलांतील हा प्रतिक्षेप (आपोआप घडणारी प्रतिक्रिया) वाढत्या वयात ओसरतो, आणि स्तब्धता म्हणजे शांतता नव्हे. अमेरिकेतील मार्जारवैद्यांची संघटना आणि आंतरराष्ट्रीय मार्जारवैद्यक संस्था यांच्या संयुक्त मार्गदर्शिकेने २०११ मध्ये मानगुटीला धरून उचलण्यास स्पष्ट नकार दिला; २०२२ च्या आवृत्तीचा कल आणखी पुढे गेला. कॅनडातील ग्वेल्फ येथील निरीक्षणांतही (२०२०) सैल, आधारापुरते धरण्यालाच मांजरांनी सर्वांत कमी विरोध केला. अधिक पटणारे मत हेच आहे.

प्रत्यक्षात क्रम असा ठेवावा : मांजरापासून दोन हात अंतरावर, त्याच्याकडे पाठ किंवा बाजू करून जमिनीवर बसावे. टक लावू नये. नजर भिडलीच तर पापण्या हळूहळू अर्ध्या मिटाव्यात, क्षणभर थांबून उघडाव्यात. ससेक्स व पोर्ट्समथ विद्यापीठांच्या २०२० मधील प्रयोगांत मांजरांनी माणसाच्या अशा संथ उघडझापीला तशीच उघडझाप करून उत्तर दिले, आणि अशी उघडझाप करणाऱ्या अनोळखी माणसाकडे ती अधिक वेळा गेली. त्यानंतर बोट नाकाच्या उंचीवर, नाकापासून वीतभर दूर स्थिर धरावे. मांजर वास घेऊन गाल घासेल तर गाल, हनुवटी आणि डोळा-कानामधला भाग तीन-चार सेकंद कुरवाळून हात मागे घ्यावा. ते पुढे आले तर पुढे जावे. नाही आले तर उत्तर मिळाले. शेपटीचे मूळ आणि पोट वर्ज्य. उचलणे अटळच असेल, तर मोठा टॉवेल वरून सैल टाकून मान व पाय झाकून घ्यावेत, एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. तोंड झाकले गेले आणि नाक मोकळे राहिले, की बहुतेक मांजरांची धडपड लगेच कमी होते.

गंध : या भागाविषयी सर्वाधिक लिहिले गेले आहे. मांजर ज्या वस्तूला गाल घासते त्या वस्तूवर गालातील ग्रंथींचा स्राव लागतो. फ्रान्समधील पशुवैद्य पात्रिक पाजा यांनी १९९० च्या दशकात या स्रावाचे पाच अंश वेगळे केले. त्यांपैकी तिसरा ‘ओळखीची जागा’ दर्शवतो असे मानून त्याची कृत्रिम नक्कल फवारा व प्लगला लावायचे यंत्र या रूपांत बाजारात आली. २००० मधील एका चाचणीत रुग्णालयातील मांजरे या फवाऱ्याच्या सान्निध्यात अधिक अंग चाटू व खाऊ लागली. २०१० च्या समग्र आढाव्याने मात्र मूत्राशयदाह आणि रुग्णालयीन ताण यांबाबत पुरावा अपुरा ठरवला, तर २०११ च्या एकत्रित विश्लेषणात लघवी उडवण्याच्या सवयीवर उपयोग दिसला. सारांश असा घेता येतो, की एकट्या फवाऱ्यावर विसंबू नये. खोके व मोकळीक यांच्या जोडीला तो चालेल. वापरताना दोन चुका होतात. फवारा मद्यार्कात असल्याने कापडावर मारल्यावर १५ मिनिटे थांबावे लागते, नाहीतर ओला वासच मांजराला पिटाळतो. भिंतीतल्या प्लगचे यंत्र सोफ्यामागे लावले, किंवा खिडक्या सताड उघड्या ठेवून पंखा फिरत ठेवला, तर द्रव्य मांजरापर्यंत पोहोचतच नाही. फुकटचा पर्याय म्हणून मऊ सुती मोजा हातात घालून मांजराच्या गालांवरून फिरवावा आणि तोच नव्या खोलीच्या कोपऱ्यांना, मांजराच्या उंचीवर घासावा.

वनस्पतींपैकी नेपेटा कॅटारिया (कॅटनिप) प्रसिद्ध असली, तरी ती शामक म्हणणे अर्धेच खरे आहे. सुमारे दोनतृतीयांश मांजरे तिला प्रतिसाद देतात. १९६२ मध्ये टॉड यांनी हा गुण एकाच प्रभावी जनुकाचा ठरवला होता. पुढील काम अनेक जनुकांकडे बोट दाखवते. परिणाम दहा-पंधरा मिनिटे टिकतो, त्यात आधी लोळणे-चाटणे आणि मग स्वस्थता येते. काही बोके मात्र उत्तेजित होऊन जोडीदारावर धावतात. जपानमधील इवाते विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले, की जपानी ‘मातातबी’ वेलीतील नेपेटॅलॅक्टॉलमुळे मांजराच्या रक्तातील बीटा-एंडॉर्फिन (शरीरातच तयार होणारे, वेदना शमवून बरे वाटायला लावणारे द्रव्य) वाढते, आणि अंगाला चोळले गेलेले द्रव्य डासांना दूर ठेवते. २०१७ च्या १०० मांजरांवरील पाहणीत या वेलीला जवळपास ८० टक्के, तर व्हॅलेरियनच्या मुळाला सुमारे निम्म्या मांजरांनी दाद दिली.

महाराष्ट्रात पडीक जागी आणि कुंपणाच्या कडेला उगवणारी खोकली (ॲकॅलिफा इंडिका) हीसुद्धा मांजरांना अशीच भुरळ घालते. तिचे मूळ उपटले की मांजरे जमतात; मलयाळममध्ये तिला ‘पूच्चमयक्की’, म्हणजे मांजराला भुलवणारी, असे नावच आहे. २०१६ मध्ये तिच्या मुळांतून कॅटनिपमधील द्रव्याशी जवळचे नाते असलेली संयुगे वेगळी करण्यात आली. मात्र ही वनस्पती खाल्ल्याने विशिष्ट विकर-न्यूनता असलेल्या माणसांत रक्तपेशी फुटल्याच्या नोंदी आहेत, आणि मांजराच्या रक्तपेशी अशा इजेला मुळातच नाजूक असतात. म्हणून मूळ हुंगू देण्यापलीकडे तिचा रस वा काढा पाजू नये. कापूर, निलगिरी, टी-ट्री आणि लिंबूवर्गीय तेले, डांबरगोळ्या ‘वातावरण प्रसन्न’ करण्यासाठी मांजराच्या खोलीत वापरू नयेत; त्यांपैकी अनेक त्याला विषारी आहेत.

दिनक्रम, पिंजरा व मोठे आवाज : ठरावीक वेळी अन्न, आणि त्याआधी दोरीला बांधलेल्या पिसाचा पाच-दहा मिनिटांचा खेळ, दिवसातून दोन-तीनदा. शेवटी पीस पंज्यात सापडू द्यावे आणि लगेच अन्न द्यावे. शिकार पुरी झाली की मांजर अंग चाटून झोपते. लेझरच्या ठिपक्याने ही साखळी तुटते, कारण हाती काहीच लागत नाही.

ने-आण करण्याचा पिंजरा केवळ दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून काढला, की तो दिसताच मांजर पलंगाखाली जाते. वरचा भाग सुटा होणारा पिंजरा घ्यावा. आधी नुसता तळ, अंथरूण टाकून, वावरातल्या जागी, त्यात खाऊ, मग वरचा भाग, मग दार, मग दार क्षणभर बंद, मग उचलून जिन्यापर्यंत. याला साधारण सहा आठवडे लागतात. पोत्यात किंवा पिशवीत कोंबून नेल्याने ते काम एका फेरीत मोडते.

मांजराला सुमारे ८५ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाला २० पर्यंत. दिवाळीत किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीआधी दुपारीच मांजराला आतल्या, कमी खिडक्यांच्या खोलीत न्यावे, खोक्यावर जाड गोधडी टाकावी, पडदे ओढावेत, पंखा चालू ठेवून त्याचा एकसुरी आवाज राहू द्यावा. पाटी आणि पाणी आत असावे, खिडक्यांच्या जाळ्या तपासाव्यात. माणूस खोलीत असेल तर आपले काम करीत बसावे. मांडीवर घेऊन आवळू नये.

तरीही मांजर निसटले, तर ते सहसा लांब जात नाही. हरवलेल्या मांजरांच्या एका मोठ्या पाहणीत (२०१८) सापडलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश ५०० मी.च्या आत होती. रस्त्यावर हाका मारत फिरण्यापेक्षा वर्दळ थांबल्यावर बॅटरी घेऊन जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे, उभ्या गाड्यांखाली जमिनीलगत पाहावे. डोळे उजेडात चमकतात, पण मांजर ओ देत नाही. दिसल्यावर झडप घालू नये. दाराची फट उघडी, तिच्याशी त्याचे अंथरूण आणि वासाचे अन्न ठेवून दूर बसावे.