पायऱ्या पळणं आणि घाट पळणं: दोन्ही चढच, पण एक नव्हेत

सप्टेंबर जवळ आला की साताऱ्यात सकाळी दोन तऱ्हेचे पळणारे दिसतात. काही यवतेश्वरच्या घाटात, काही स्टेडियमच्या नाहीतर सोसायटीच्या जिन्यावर. तयारी दोघांचीही सातारा हिल हाफ मॅरेथॉनचीच. ‘चढ तो चढच’ म्हणत दुसरा गट घाटाला रामराम ठोकतो. पावसात भिजण्यापेक्षा जिना बरा वाटणारच म्हणा.

आता हिशेब बघा. पायरी 17 सेंटिमीटर उंच आणि 28 सेंटिमीटर रुंद धरली, तर जिन्याचा चढ 60 टक्क्यांचा होतो. रस्त्याला 6 टक्के चढ असला तरी आपली बोलती बंद होते. म्हणजे जिना दहापट खडा, पण चार मजल्यांत संपणारा. 6 टक्क्यांच्या घाटात 3 किलोमीटर पळालं की 180 मीटर उंची चढून होते. तेवढ्यासाठी तीन-तीन मीटरचे 60 मजले, म्हणजे हजारावर पायऱ्या लागतील.

पायांवरचा भारही वेगळा. पायरी सपाट असते, त्यामुळे घोटा फारसा वाकत नाही. गुडघा मात्र उंच उचलावा लागतो आणि सगळा जोर मांड्या नि कुल्ल्यांवर येतो. घाटात पाऊलच तिरक्या रस्त्यावर पडतं. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर ताणली जाते, तीही तासभर न थांबता. शिवाय पावलाचं अंतर जिन्यावर पायरी ठरवते, घाटात तुम्ही. दमल्यावर पाऊल आखूड करून पळत राहणं हीच घाटातली खरी विद्या, आणि ती जिन्यावर शिकता येत नाही.

दमाचंही तसंच. चार मजले वीसेक सेकंदांत होतात. धाप लागते ती वर पोचल्यावर, आणि खाली चालत येईतो ओसरते. ताकद आणि झटका यासाठी हा व्यायाम उत्तमच. घाटात मात्र ओसरायला वेळच मिळत नाही.

पण सगळ्यात मोठा फरक उताराचा, आणि तोच बहुतेकजण विसरतात. ही शर्यत घाट चढून त्याच वाटेने शहरात परतते. उतरताना मांडीचे स्नायू लांबत लांबत ब्रेक लावतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. एकदा उतार सोसला की पुढचे काही आठवडे तेवढाच उतार कमी दुखवतो. जिन्यावर हा सराव होत नाही, कारण पळत जिना उतरणं म्हणजे तोंडावर आपटायचं निमंत्रण. उतरताना चालाच.

सज्जनगडाच्या पायऱ्यांवर पळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दगड कमीजास्त उंचीचे, पावसात निसरडे, आणि समोरून आजी-आजोबा दर्शन करून उतरत असतात. स्टेडियममध्येही बसायच्या उंच पायऱ्या सोडून मधल्या जाण्यायेण्याच्या पायऱ्या धराव्यात.

आठवड्यातून एक दिवस जिना आणि एक दिवस घाट, एवढं पुरतं. सांगलीकरांची अडचण वेगळी: कृष्णाकाठचं गाव सपाट, त्यामुळे जिन्यावाचून इलाज नाही. त्यांनी निदान दोन आठवड्यांतून एकदा मिरजेपलीकडचा दंडोबाचा डोंगर गाठावा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे जास्त लक्ष द्यावं.