टस्कनच्या हातातली फिजीची गदा

१९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'मधला तो प्रसंग ज्यांनी पाहिलाय ते विसरलेले नाहीत. टॅटूईन या वाळवंटी ग्रहावर चित्रपटाचा नायक ल्यूक दुर्बिणीतून दूरची जनावरं न्याहाळत असतो आणि एकाएकी समोर एक आकृती उभी राहते. तोंडाला गुंडाळलेल्या चिंध्या, डोळ्यांच्या जागी धातूच्या नळ्या, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचललेलं एक लांब, विचित्र टोकाचं हत्यार. ते हत्यार ती आकृती पुन्हा पुन्हा वर-खाली नाचवते. चित्रीकरणात नटाने हात एवढ्या वेळा हलवलाच नव्हता. संकलनाच्या टेबलावर तोच तुकडा मागे-पुढे चालवून ते नाचवणं तयार केलं. अंगावर काटा आणणारी ती आरोळी खेचरांची आहे. ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी ती ट्युनिशियात टिपली होती.

ही टस्कन जमात. तिच्या हत्याराचं पूर्ण नाव गॅडरफाय, चाहत्यांच्या तोंडी गॅफी स्टिक. त्या विश्वात लेझर तलवारी आहेत, प्रकाशाच्या वेगाला मागे टाकणारी यानं आहेत, आणि टस्कनांच्या हातात मात्र हा सोटा. भंगारातल्या धातूपासून ते हत्यार घडवतात, असं कथेत सांगितलं आहे. बघणाऱ्याने एका नजरेत ओळखावं की ही माणसं रानटी आहेत, एवढ्यासाठीच ते त्यांच्या हातात दिलेलं. मात्र त्याचं डोकं ज्याच्यावर बेतलेलं आहे ती वस्तू खरी आहे. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवरची ती लाकडी गदा, तिथे तिला टोटोकिया म्हणतात.

लढाऊ परग्रहवासी आणि त्याच्या हातातलं ओबडधोबड हत्यार ही जोडी मात्र 'स्टार वॉर्स'च्या खूप आधीची. १९१२ साली एडगर राइस बरोज यांची मंगळावरची कादंबरी 'ऑल-स्टोरी' मासिकातून क्रमशः येऊ लागली. त्यातले हिरवे मंगळवासी चार हातांचे, पंधरा फूट उंच, आणि त्यांच्याकडे चाळीस फुटी भाले. त्यांच्याचकडे रेडियमच्या गोळ्यांची बंदूकही आहे, जिचा पल्ला शेकडो मैलांचा. तरीही मानाची लढाई तलवारीने. ज्या हत्याराने आव्हान दिलं जातं त्याहून वरचढ हत्यार उचलायचं नाही, असा त्यांचा रिवाज. बरोज स्वतः १८९६-९७ मध्ये ॲरिझोनातल्या फोर्ट ग्रँट इथे अमेरिकी घोडदळात होते आणि त्या तुकडीचं काम अपाची टोळ्यांचा माग काढण्याचं होतं. त्यांच्या मंगळावरची कोरडी पठारं, लुटारू टोळ्या आणि ओसाड पडलेली जुनी शहरं वाचताना ॲरिझोना डोळ्यांसमोर येतोच.

त्याआधी चौदा वर्षं एच. जी. वेल्स यांनी नेमकं उलटं केलं होतं. १८९८ च्या त्यांच्या कादंबरीत उष्णतेचा किरण मंगळवासियांकडे आहे आणि इंग्रजांच्या तोफा त्यांच्यापुढे खेळण्यातल्या ठरतात. पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटाची आठवण करून देतात: युरोपियनांनी तिथल्या लोकांचा कसा नायनाट केला ते आठवा आणि मग मंगळवासियांना दोष द्या. पुढच्या लेखकांनी आणि चित्रपटवाल्यांनी मात्र वाट धरली ती बरोज यांची. ती सोपी होती. साम्राज्याच्या कडेकपारीतल्या माणसांची हत्यारं संग्रहालयांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आयती टांगलेली होती. ढाल मधोमध, भोवती भाले आणि गदा पंख्यासारख्या मांडलेल्या, अशी सजावट इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत एके काळी सर्रास दिसायची. जिथून कल्पना उचलायची ते कपाट असं भरलेलं होतं.

आता टोटोकियाकडे जरा जवळून बघू. लाकडाचा दांडा, वरच्या टोकाशी एकदम वाकलेली मान, आणि मानेच्या पुढे गाठीगाठींचा गोल गोळा. गोळ्याच्या मधून पक्ष्याच्या चोचीसारखं एक टोक बाहेर आलेलं. इंग्रजांनी तिला 'पायनॅपल क्लब' म्हटलं. पण अननस हे मुळात दक्षिण अमेरिकेचं फळ. गाठींचा हा आकार केवड्याच्या कुळातल्या फळाचा आहे, जे फिजीत किनाऱ्याकिनाऱ्याला दिसतं. कोकणात ज्यांनी केतकीच्या बनात पिकलेलं फळ पाहिलंय, त्यांना टोटोकियाचा फोटो दाखवला तर ते लगेच ओळखतील.

तिचा हिशेब साधा आहे आणि भयंकर आहे. गोळ्याचं सगळं वजन चोचीच्या मागे साठलेलं. ती गरगर फिरवून हाणायची गदा नाही. मनगटाच्या झटक्याने टोचा मारायचा, सुतारपक्ष्यासारखा, आणि कवटीला भोक पडतं. फिरवायला जागा लागत नसल्यामुळे दाट झाडीत दबा धरून बसलेल्यालाही ती चालायची. फिजी म्युझियमचे फर्गस क्लुनी यांनी फिजीच्या युद्धकलेचा आणि हत्यारांचा जो बारकाईने अभ्यास केला, त्यात हे सगळं आलं आहे. तो अभ्यास छापून आला १९७७ साली. त्याच वर्षी टस्कन पडद्यावर आला.

फिजीत धातू नव्हता. गदा घडायच्या लाकडातून, दगडी वाकस आणि शिंपल्यांच्या धारेने. बऱ्याच गदांसाठी जे लाकूड वापरलं जायचं त्याला तिथे नोकोनोको म्हणतात. हे आपलं सुरूचं झाड. कोकणच्या समुद्रकिनाऱ्यांवर वाळू धरून ठेवायला ज्याच्या रांगा लावल्यात आणि ज्याच्या सुयांतून वारा सतत सूं करत असतो, तेच. त्याचं लाकूड किती कठीण असतं ते विचारायचं तर कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसालाच विचारावं. काही गदांसाठी झाड जिवंत असतानाच हवं तसं वाकवून वाढवत, म्हणजे तंतू वळणाबरोबर वळतो आणि गदा मानेत मोडत नाही. एका गदेसाठी वर्षानुवर्षं झाडाची मर्जी सांभाळायची. याला ओबडधोबड कसं म्हणायचं, हे मला खरंच कळत नाही.

प्रकार तर कितीतरी. कमरेला खोवायची आणि फेकून मारायची छोटी 'इ उला' वेगळी. मुळासकट उपटलेल्या रोपट्याच्या, मुळांचा गड्डा तसाच डोकं म्हणून ठेवलेल्या गदा वेगळ्या. नावाजलेल्या गदेला स्वतःचं नाव असायचं. माणूस मारलेल्या गदेचा मान मोठा. अशा गदा देवळात ठेवल्या जात आणि काहींच्या डोक्यात मारलेल्याचे दात जडवलेले असत. हे रक्ताचं वास्तव झाकण्यात अर्थ नाही. फिजीतल्या लढाया क्रूर होत्या आणि नरमांसभक्षणही होतं. पण हत्याराची कारागिरी आणि त्या हत्याराने केलेलं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोफेच्या बाबतीत आपण हा फरक सहज करतो.

बंदूक आल्यावर गदा संपली का? नाही, आणि टस्कनच्या संदर्भात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. १८०८ साली 'इलायझा' हे जहाज फिजीजवळ फुटलं. त्यातून वाचलेला चार्ली सॅव्हेज नावाचा खलाशी बंदुका घेऊन बाऊ बेटाच्या सरदारांच्या बाजूने लढू लागला, आणि बाऊचा दबदबा वाढला. १८१३ मध्ये तो एका लढाईत मारला गेला. बंदुका मात्र राहिल्या, वाढत गेल्या, आणि गदाही राहिल्या. कित्येक दशकं एकाच तुकडीत दोन्ही असायच्या. टस्कनांचंही तसंच आहे. त्यांच्याकडे लांब नळीची बंदूकही आहे, अफगाणी जेझाईलची आठवण करून देणारी. ज्याने चित्रपट बारकाईने पाहिला त्याला ती दिसते, पण बाकीच्यांच्या लक्षात राहतो तो सोटाच.

१० ऑक्टोबर १८७४ रोजी लेवुका इथे फिजी ब्रिटनच्या ताब्यात गेलं. बाऊचा राजा सेरू थाकोम्बाऊ याने आपली युद्धगदा राणी व्हिक्टोरियाला पाठवली. चांदीच्या ताडपानांनी आणि कबुतरांनी मढवलेली ती गदा पुढे फिजीत परत आली आणि तिथल्या कायदेमंडळाचा राजदंड झाली. आजही राजधानी सुवाच्या संसदेत सभागृहाचं कामकाज त्या गदेच्या साक्षीने चालतं.

मराठी वाचकाला इथे साताऱ्याचं वाघनख आठवल्याशिवाय राहणार नाही. साताऱ्यात १८१८ नंतर रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्याकडून ते ब्रिटनला गेलं आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राहिलं. २०२४ च्या जुलैमध्ये ते तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आलं आणि सगळ्यात आधी साताऱ्यात मांडलं गेलं. अफझलखानाच्या भेटीतलं वाघनख हेच का, याची खात्री ते संग्रहालयही देत नाही. पण ते बघायला माणसांनी रांगा लावल्या. परदेशी काचेच्या कपाटात जी वस्तू 'पौर्वात्य हत्यार' म्हणून पडून असते, तिच्यात घरच्या माणसांना काय दिसतं हे त्या रांगेत उभं राहिलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. फिजीच्या माणसाला टस्कनचा सोटा बघून काय वाटत असेल, याचा अंदाज आपण तरी बांधू शकतो.

'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेतल्या क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासी जमातीची बॅटलेथ ही तलवार याच घराण्यातली, पण तिचा जन्म वेगळ्या तऱ्हेने झाला. १९६७ मध्ये क्लिंगॉन पहिल्यांदा दिसले तेव्हा ही अर्धचंद्राकृती तलवार नव्हती. ती आली १९९० मध्ये, 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेच्या चौथ्या पर्वात. दृश्य परिणामांचं काम बघणारे डॅन करी यांनी ती आखली. करी थायलंडमध्ये पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक संस्थेतून राहून आलेले, ताई ची ही चिनी युद्धकला शिकलेले. दोन्ही हातांनी धरायचं, शरीराच्या वळणाबरोबर वळणारं, दोन्ही बाजूंनी मार करणारं हत्यार त्यांना हवं होतं, आणि आशियातल्या अर्धचंद्राकार हत्यारांचा त्यामागे विचार होता. म्हणजे कपाटातली एक वस्तू उचलून लावली असं झालं नाही. हत्यार हातात कसं फिरेल हे माहीत असलेल्या माणसाने ते घडवलं. पुढे मालिकेने त्याला दंतकथाही दिली: काहलेस या वीराने आपल्या केसांची बट ज्वालामुखीच्या लाव्ह्यात बुडवली, तळ्यात थंड केली आणि तिला पीळ देऊन पहिला बॅटलेथ बनवला. पूर्वजांशी जोडलेलं, नाव असलेलं, वारशाने मिळणारं हत्यार. फिजीच्या देवळात गदा ठेवणाऱ्या माणसाला ही गोष्ट अजिबात परकी वाटली नसती.

टस्कनांना अशी गोष्ट मिळायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. २०१९ मध्ये 'मँडलोरियन' या 'स्टार वॉर्स'च्याच मालिकेसाठी कर्णबधिर अभिनेते ट्रॉय कॉट्सर यांनी टस्कनांची खुणांची भाषा तयार केली, आणि नुसत्या आरोळ्या ठोकणारी ही जमात पहिल्यांदा बोलताना दिसली. मग २०२० मध्ये त्याच मालिकेत जुन्या चित्रपटांतलं बोबा फेट हे पात्र गॅफी स्टिक घेऊन परतलं. ते साकारणारे टेमुएरा मॉरिसन न्यूझीलंडचे माओरी. माओरींची ताइआहा ही लांब लाकडी युद्धकाठी चालवायला ते लहानपणापासून शिकलेले. सैनिकांची शिरस्त्राणं फोडतानाच्या त्या पवित्र्यात, पाय रोवण्यात, काठी अंगाभोवती फिरवण्यात ताइआहाचं वळण आहे. म्हणजे पॅसिफिकमधलं हत्यार फिरून पॅसिफिकच्याच माणसाच्या हातात आलं.

'बुक ऑफ बोबा फेट' या पुढच्या मालिकेच्या दुसऱ्या भागात टस्कन त्याला आपलंसं करतात. तो तंद्रीत भटकत एका एकट्या झाडापाशी जातो, फांदी मोडून आणतो, टस्कनांचे कपडे अंगावर चढवतो, आणि मग जमातीतल्या हत्यार घडवणाऱ्याच्या शेजारी बसून त्या फांदीचा सोटा करतो. भंगारातलं हत्यार इथे झाडातलं झालं. कॅमेरा हातांवर बराच वेळ थांबतो: साल सुटते, लाकूड गुळगुळीत होत जातं, धातूचं टोक बसतं. रात्री शेकोटीभोवती सगळे ते सोटे घेऊन नाचतात, आणि त्या नाचाच्या पावलांत माओरींचा हाका हा युद्धनाच ओळखू येतो. शेकोटीच्या उजेडात सोट्याचं डोकं दिसतं. गाठीगाठींचा गोळा, आणि मधून बाहेर आलेली चोच.