रडारला सगळं का कळत नाही?

नव्या रडारच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: ‘याच्या नजरेतून काहीच सुटत नाही.’ असं रडार बनूच शकत नाही. अडचण यंत्रात नाही, गणितात आहे, आणि ती फिलिप वुडवर्ड या ब्रिटिश गणितज्ञाने 1953 साली एका छोटेखानी पुस्तकात स्वच्छ मांडली.

वुडवर्ड (1919–2018) ऑक्सफर्डमध्ये शिकले, महायुद्धात सरकारी रडार संशोधनात आले आणि बहुतेक सारी कारकीर्द त्यांनी इंग्लंडमधल्या माल्व्हर्न गावी, सरकारी रडार संशोधनकेंद्रात घालवली.

रडार एक स्पंद, म्हणजे रेडिओलहरींचा क्षणिक झोत, सोडतं. प्रतिध्वनी 1 मायक्रोसेकंदाने परतला, तर वस्तू 150 मीटरवर. म्हणजे स्पंद जितका आखूड, तितकं अंतर नेमकं. वेग कळतो तो डॉप्लर परिणामातून, म्हणजे हलत्या वस्तूवरून परतताना लहरींची वारंवारता बदलते त्यातून. सेकंदाला 250 मीटर वेगाने समोरून येणाऱ्या विमानावर 3 गिगाहर्ट्झच्या लहरी आदळल्या, तर परतताना वारंवारता वाढते फक्त 5 किलोहर्ट्झने. आणि 1 मायक्रोसेकंदाचा स्पंद मुळातच सुमारे 1 मेगाहर्ट्झभर पसरलेला! त्यात हे 5 किलोहर्ट्झ शोधायचे कुठे? बरं, स्पंद 1 मिलिसेकंदाचा करू. पसारा 1 किलोहर्ट्झवर येतो, वेग कळतो. पण आता अंतरात 150 किलोमीटरचा घोळ.

लांब स्पंदाची वारंवारता चढवत नेली तर? अंतर नेमकं होतं, पण वस्तूचा वेग अंतराचं सोंग घेतो. वुडवर्ड यांनी अशा सगळ्या युक्त्यांचा एकदाच निकाल लावला. एक आलेख कल्पा: एका अक्षावर उशीर (म्हणजे अंतर), दुसऱ्यावर वारंवारतेतला फरक (म्हणजे वेग). उंची म्हणजे मूळ स्पंद आणि त्याची तेवढी सरकवलेली प्रत यांच्यातल्या साम्याचा वर्ग; साम्य जास्त, तिथे रडारचा गोंधळ जास्त. ऊर्जा तीच असेल, तर या पृष्ठाखालचं घनफळ कधीच बदलत नाही. कणकेच्या गोळ्यासारखं, इथे दाबलं की तिथे फुगतं. हवामान खात्याच्या डॉप्लर रडारचीही यातून सुटका नाही.

घरी हेच वुडवर्ड लंबकाची घड्याळं बनवायचे. त्यांचं ‘डब्ल्यू 5’ हे यांत्रिक घड्याळ जाणकारांत नावाजलेलं आहे. मला त्यातही तेच डोकं दिसतं. लंबक चालू ठेवायला धक्का हवा, पण धक्काच वेळ बिघडवतो. झोक्याच्या दिशेने पण मध्याआधी ढकललं तर घड्याळ पुढे जातं, मध्यानंतर ढकललं तर मागे पडतं. नेमका मध्यावर, तळाशी दिलेला हलका धक्का मात्र वेळेला जवळजवळ हात लावत नाही.